टेलिफोनवरील स्वस्त 'व्हॉइस स्क्रॅम्बलर' कितपत सुरक्षित असतात?

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात आपली हळदीची पेढी आहे, चिरंजीव वाशीला बसतात, आणि सौदे निघण्याआधी आपण दोघे रोज सकाळी फोनवर भाव ठरवता. गेल्या काही महिन्यांत आपण ठरवलेला आकडा समोरच्या खरेदीदाराला आधीच ठाऊक असल्याचे आपल्याला दोन-तीनदा जाणवले, म्हणून आपण सुमारे सहा हजार रुपयांना 'व्हॉइस स्क्रॅम्बलर'ची एक जोडी ऑनलाइन मागवली. हा खोका फोन आणि त्याचा हँडसेट यांच्यामध्ये जोडायचा असतो, त्याला सोळा कोडांची एक चकती आहे, वेष्टनावर 'मिलिटरी ग्रेड' असे छापले आहे, आणि परत करण्याची मुदत येत्या शुक्रवारी संपते. तो ठेवावा की परत करावा, हे आपण विचारले आहे.

मी बत्तीस वर्षे टेलिफोन खात्यात काढली, त्यांपैकी निम्मी एक्स्चेंजमध्ये आणि निम्मी बाहेरच्या केबलवर. निवृत्तीनंतर लहान कंपन्यांची आणि पेढ्यांची फोनव्यवस्था तपासून देतो. त्या अनुभवावरून सांगायचे तर असा खोका नुसत्या कानाने ऐकणाऱ्या माणसाला अडवतो, पण बोलणे रेकॉर्ड करून घेणाऱ्याला अडवत नाही. आपले काम त्याने भागेल की नाही, हे आपल्याकडे यांपैकी कोण ऐकतो आहे यावर अवलंबून आहे. 'सुरक्षित आहे का' हा प्रश्न 'कोणापासून आणि किती वेळ' हे ठरल्याशिवाय पुरा होत नाही. आपल्या बाबतीत तर आकडा फुटतो तो फोनच्या तारेतूनच, हेही अजून सिद्ध व्हायचे आहे. त्याकडे मी शेवटी येतो.

आधी खोक्यात काय असते ते पाहू. टेलिफोनवरून आपला पूर्ण आवाज जात नाही. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपने) एवढाच पट्टा जातो आणि ओळखीचा आवाज ओळखायला तेवढा पुरतो. स्वस्त स्क्रॅम्बलर हा पट्टा उलटा करतो. खोक्यात एक ठरावीक स्वर तयार होत असतो, समजा ३३०० हर्ट्झचा. आपला आवाज त्या स्वरात मिसळला जातो आणि त्यातून फक्त वजाबाकीचा भाग गाळून पुढे पाठवला जातो. म्हणजे ३०० हर्ट्झचा घोगरा भाग ३००० वर जातो, ३००० चा तीक्ष्ण भाग ३०० वर येतो, आणि १००० हर्ट्झची शिट्टी घातली तर २३०० ची शिट्टी बाहेर पडते. 'आ' या स्वराचा जोर ७०० आणि १२०० हर्ट्झच्या आसपास असतो. तो २६०० आणि २१०० वर जाऊन किरटा होतो. दुसऱ्या टोकाला तसाच खोका पुन्हा तीच वजाबाकी करतो आणि आवाज मूळ जागी येतो. उलटे केलेले पुन्हा उलटे केले की सुलटे होते, एवढेच यामागचे तत्त्व आहे, आणि म्हणूनच दोन्ही टोकांना अगदी एकसारखा खोका चालतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या १४९६ क्रमांकाच्या मॉड्युलेटर (दोन स्वर मिसळणाऱ्या) चिपवर अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रोजेक्ट म्हणून हे सर्किट कित्येक वर्षे बांधत आले आहेत.

आता यात गुपित कोणते? फक्त तो मधला स्वर, जो चकतीवरच्या कोडाने ठरतो. त्यासाठी किती पर्याय उरतात ते पाहा. टेलिफोनच्या पट्ट्यात काम भागवायचे तर हा स्वर साधारण २६०० ते ३५०० हर्ट्झच्या दरम्यान ठेवावा लागतो. ऐकणाऱ्याने तो नेमका ओळखण्याचीही गरज नसते, कारण अंदाज पन्नासेक हर्ट्झने चुकला तर सुटलेला आवाज तेवढाच वर किंवा खाली सरकतो. बोलणारा कार्टूनमधल्या बदकासारखा वाटतो, पण 'साडेचौदा हजार' हे साडेचौदा हजारच ऐकू येते. म्हणजे व्यवहारात निरनिराळे म्हणावेत असे पर्याय दहा-वीसच राहतात. तीन आकड्यांच्या कुलपाची सुटकेससुद्धा हजार पर्याय देते.

हे मी नुसते कागदावरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका छोट्या कारखान्याचे मालक माझ्याकडे असेच दोन खोके घेऊन आले होते. तेही सोळा कोडांचे होते आणि कोड फक्त आपल्यालाच माहीत आहे याची त्यांना खात्री होती. मी त्यांना त्याच विक्रेत्याकडून तिसरा खोका मागवायला सांगितला. तो आल्यावर त्यांनी आणि त्यांच्या मॅनेजरने दोन खोल्यांतून मनाजोगता कोड लावून बोलावे आणि मी मधल्या तारेवर तिसरा खोका जोडून बसावे, असे ठरले. चकती एकेक घर फिरवत गेलो. सहाव्या घरावर आवाज माणसाचा वाटू लागला, सातव्यावर शब्द समजले, आठव्यावर बोलणे स्वच्छ झाले. एक मिनिटही लागले नाही. त्यांचा कोड आठ होता, पण सातवरही मला दर आणि ट्रकचे नंबर कळत होते, कारण त्या खोक्यात शेजारशेजारच्या कोडांमध्ये साठेक हर्ट्झचेच अंतर होते. मालकांनी तो तिसरा खोका बराच वेळ हातात धरून उलटसुलट पाहिला आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे, असे विचारले.

यातली मूळ चूक फार जुनी आहे. संकेतशास्त्रज्ञ ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली लष्करी संकेतांविषयी लिहिताना यंत्र शत्रूच्या हाती पडले तरी अडचण येता कामा नये, अशी अट घातली होती. म्हणजे यंत्र कसे चालते हे शत्रूला माहीत आहे असे धरूनच चालायचे, आणि सगळी भिस्त सहज बदलता येणाऱ्या किल्लीवर, म्हणजे बोलणाऱ्या दोघांनाच ठाऊक असलेल्या गुप्त आकड्यावर, ठेवायची. जे यंत्र कोणीही ऑनलाइन मागवू शकतो आणि ज्याच्या किल्ल्या सोळाच आहेत, ते या कसोटीला कसे उतरणार?

तिसरा खोका नसला तरी काही अडत नाही. बोलणे एकदा रेकॉर्ड झाले की साध्या संगणकावर ते सुलटे करता येते. टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८००० नमुने या गतीने साठवतात. त्यातील एकाआड एक नमुन्याचे चिन्ह बदलले, अधिकचे उणे आणि उण्याचे अधिक केले, की सगळा पट्टा उलटतो. मग तो काही शे हर्ट्झ सरकवत न्यायचा आणि शब्द कानावर पडले की थांबायचे. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलाला हे एका संध्याकाळचे काम आहे. शिवाय बोलण्याची लय, शब्दांमधले थांबे आणि आवाजाचा चढउतार उलटापालट केल्यावरही तसेच राहतात. सराव झालेला कान असे उलटे बोलणे यंत्राशिवायही थोडेफार समजू शकतो.

यापेक्षा वरच्या दर्जाचे दोन प्रकार बाजारात असतात. पहिल्यात मधला स्वर सेकंदातून काही वेळा बदलत राहतो. नुसत्या कानाने ऐकणाऱ्याला हे खूपच अवघड जाते, पण रेकॉर्डिंगचा स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या क्षणी कोणते स्वर आहेत याचे चित्र) काढला की प्रत्येक उडीनंतर पट्ट्याची कडा कुठे सरकली हे डोळ्यांना दिसते, आणि मग एकेक तुकडा वेगळा सोडवता येतो. दुसऱ्यात आवाजाचे काही मिलिसेकंदांचे तुकडे करून त्यांचा क्रम बदलतात. हा प्रकार त्यांतल्या त्यात बरा आहे. मात्र त्यामुळे बोलण्यात जाणवण्याइतका उशीर होतो, आणि फाटलेल्या चिठ्ठीचे कपटे कडा जुळवून लावावेत तसे हे तुकडे संगणकाला जुळवता येतात, कारण माणसाचा आवाज एका क्षणातून दुसऱ्या क्षणात एकदम बदलत नाही.

हे सगळे सहा हजारांच्या खोक्याचे दोष आहेत, महागड्या यंत्रात असे नसते, असे कोणाला वाटेल. म्हणून एक इतिहासातले उदाहरण देतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातले अटलांटिकपारचे रेडिओ टेलिफोन 'ए-३' नावाच्या स्क्रॅम्बलरमधून जात असत. तो आवाजाचे पाच पट्टे पाडून त्यांची अदलाबदल करी, काही उलटेही करी, आणि ही मांडणी दर काही सेकंदांनी बदले. पाच पट्ट्यांचे क्रम १२० आणि प्रत्येक पट्टा सुलटा किंवा उलटा, असे मिळून कागदावर ३८४० मांडण्या होतात. पण त्यांतल्या बहुतेकांत बोलणे पुरेसे बिघडतच नसल्याने प्रत्यक्षात उपयोगी अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. जर्मन टपाल खात्याच्या संशोधन विभागाने हॉलंडच्या किनाऱ्यावर ऐकण्याचे केंद्र उभारले आणि १९४२ पासून ही संभाषणे तिथे सुलटी होऊ लागली. जुलै १९४३ मधले रूझवेल्ट आणि चर्चिल यांचे इटलीविषयीचे बोलणेही त्यांच्या हाती लागले होते. त्याच महिन्यात अमेरिकेने 'सिगसॅली' ही यंत्रणा सुरू केली. तिचे वजन पन्नास टनांहून अधिक होते. ती आवाज उलटापालटा करत नव्हती; आवाजाचे आधी आकडे करून त्यांत ग्रामोफोनच्या तबकडीवर साठवलेले बेतरतीब आकडे मिळवत होती. तबकडीच्या दोन हुबेहूब प्रती दोन्ही टोकांना एकाच वेळी फिरत आणि एकदा वापरल्या की नष्ट केल्या जात. जर्मनांना सिगसॅली कधीच फोडता आली नाही. आवाजाचे आकडे करणे आणि त्या आकड्यांवर खरी किल्ली चालवणे, ही दोन कामे त्यात होती. आपल्या खोक्यात यांपैकी एकही होत नाही.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर ऑफिसातला कोणी समांतर फोन उचलून चोरून ऐकत असेल, तर या खोक्यामुळे त्याला किरकिर ऐकू येईल आणि तो वैतागून फोन ठेवील. तोच माणूस मोबाइलवर ते रेकॉर्ड करून घरी नेत असेल, तर दुपारपर्यंत त्याला सगळे कळेल. आता आपल्या धंद्यात एक मुद्दा आपल्या बाजूचा आहे, तो मी नाकारत नाही: सकाळी ठरवलेल्या भावाचे मोल सौदा पुरा होईपर्यंतच असते, त्यामुळे दोन तासांनी फुटलेले गुपित कदाचित आपले फारसे नुकसान करणार नाही. पण आपण त्याच फोनवर उधारी, बँकेची मर्यादा आणि साठ्याचा हिशेबही बोलत असाल. या गोष्टी दोन तासांत शिळ्या होत नाहीत.

चिरंजीव बहुधा मोबाइलवर असतात, असेही आपण लिहिले आहे, आणि तिथे वेगळीच अडचण आहे. लँडलाइनवर आवाज सेकंदाला ६४ हजार बिट या गतीने, जवळजवळ जसाच्या तसा जातो. मोबाइलवर मात्र तो साधारण १२ ते २४ हजार बिट एवढ्याच जागेत बसवतात. ते साधते कारण मोबाइल आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. बोलणाऱ्याचा घसा आणि तोंड त्या क्षणी कसे असेल याचे वर्णन पाठवतो आणि पलीकडचा फोन त्यावरून आवाज पुन्हा घडवतो. उलट्या केलेल्या आवाजाला माणसाच्या घशाचे हे गणित लागूच पडत नाही. वरून मोबाइलमधली गोंगाट कमी करणारी व्यवस्था त्याला गोंगाट समजून दाबू पाहते. परिणामी सुलटा केलेला आवाज फाटका येतो, 'पंधरा' आणि 'पंचवीस' यांत गल्लत होते, आणि दोन दिवसांत माणसे खोका बंद करून बोलू लागतात. मी पाहिलेल्या बहुतेक जोड्या अशाच कपाटात पडून आहेत.

आता मुख्य मुद्दा: आपला आकडा फुटतो कुठून? तपासणीला गेलो की मी सर्वांत आधी तारेचा माग काढतो. पूर्वी हे लांबलचक काम असे, कारण तांब्याची जोडी घरातून डीपी बॉक्समध्ये (आसपासच्या घरांच्या तारा एकत्र येतात त्या पेटीत), तिथून खांबावरच्या किंवा जमिनीखालच्या केबलने एक्स्चेंजपर्यंत जाई, आणि वाटेत कुठेही कोणी दोन चिमटे लावू शके. डीपी बॉक्सच्या झाकणामागे अशा जादा तारा मी स्वतः काढल्या आहेत. आता पुष्कळ ठिकाणी लँडलाइन फायबरवरून येते. तसे आपल्याकडे असेल तर तांब्याची तार फायबरच्या डब्यापासून फोनपर्यंत, म्हणजे आपल्याच पेढीतल्या दहा-वीस फुटांत उरते. ती भिंतीच्या कडेने हाताने चाचपत शेवटपर्यंत पाहा. कुठे जोड दिला आहे का, माळ्यावर किंवा गोदामात जुना विसरलेला समांतर फोन आहे का, ईपीएबीएक्स (ऑफिसातले फोन जोडणारे छोटे एक्स्चेंज) असेल तर कोणत्या एक्स्टेन्शनला चालू बोलण्यात शिरण्याची मुभा दिलेली आहे, हे तपासा. हे शेवटचे बहुतेक जण तपासत नाहीत. बसवून गेलेल्या माणसाने पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवलेला असतो.

तार स्वच्छ निघाली, आणि माझ्या अनुभवात ती बहुतेक वेळा स्वच्छच निघते, तर माणसांकडे वळा. आपण भाव ठरवताना कोण कोण जवळ असते? दिवाणजी, चहावाला, शेजारच्या गाळ्यातले कोणी? फोन स्पीकरवर असतो का? यार्डातल्या आवाजामुळे आपण मोठ्याने बोलत असाल. चिरंजिवांच्या मोबाइलमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो का, आणि ती रेकॉर्डिंग ज्या जुन्या फोनमध्ये किंवा खात्यात जातात ते कोणाच्या हातात आहे? एका प्रकरणात आम्ही तीन दिवस तारा तपासल्या आणि शेवटी कारण निघाले ते मालकाचा भाव लिहून ठेवायचा कागद. पेढीवर पाणी द्यायला येणारा मुलगा तो रोज वाचत होता. कोणताही स्क्रॅम्बलर तोंड आणि खोका यांच्या मधली जागा झाकू शकत नाही.

स्क्रॅम्बलर आणखीही एक गोष्ट झाकत नाही, ती म्हणजे आपण कोणाला, केव्हा आणि किती वेळ फोन केला. आपण रोज पावणेदहाला वाशीला दोन मिनिटे बोलता आणि ज्या दिवशी मोठी खरेदी असते त्या दिवशी वीस मिनिटे, हे ज्याला दिसते त्याला आकडा कळण्याची गरजही कदाचित नसेल.

सरकारी टॅपिंगविषयी आपण ओझरते विचारले आहे. ते वेगळे प्रकरण आहे. ते कायद्यानुसार लेखी आदेशाने आणि टेलिफोन कंपनीच्या यंत्रणेतून होते, तार कापून नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या खटल्यात फोनवरील बोलणे हा खासगीपणाचा भाग मानून टॅपिंगवर बंधने घातली. आपल्या प्रतिस्पर्ध्याला असा आदेश मिळत नाही; त्याने आपले बोलणे चोरून ऐकले तर तो सरळ गुन्हा आहे, आणि जादा तार सापडलीच तर ती स्वतः न काढता फोटो काढून ठेवा आणि पोलिसांत जा.

मग करावे काय? आपण दोघांकडे स्मार्टफोन आहेत, तेव्हा भावाचे बोलणे 'सिग्नल' या अॅपच्या किंवा व्हॉट्सअॅपच्या कॉलवर करा. यात आवाजाचे आकडे होतात आणि त्यांवर खरी किल्ली चालते. ती दर कॉलला नवी बनते आणि मधल्या कंपनीकडेही नसते. व्हॉट्सअॅपने ही व्यवस्था एप्रिल २०१६ मध्ये सर्वांना लागू केली. चिरंजीव पुढच्या वेळी सांगलीला येतील तेव्हा दोघांच्या फोनमधला साठ अंकांचा सुरक्षा क्रमांक समोरासमोर जुळवून पाहा. आपण बोलतो तो फोन खरोखर त्यांचाच आहे, मध्ये कोणी बसलेले नाही, हे त्यावरून कळते. फोनच कोणाच्या हाती लागला किंवा त्यात हेरगिरीचे अॅप शिरले तर हेही निष्फळ ठरते, म्हणून फोनला कुलूप असू द्या आणि तो दुकानातल्या मुलांना खेळायला देऊ नका. यार्डात इंटरनेट अडखळत असेल, तर व्यापाऱ्यांची जुनी रीतही चांगली आहे: रविवारी घरी बसून आठवड्याचा एक मूळ आकडा ठरवायचा आणि फोनवर फक्त 'दोनशे चढ' किंवा 'शंभर उतार' एवढेच बोलायचे. मूळ आकडा फोनवर कधी आलाच नाही, तर तारेवर ऐकणाऱ्याला नुसता चढउतार कळतो, भाव थेट कळत नाही. ही रीत सहा हजारांच्या खोक्यापेक्षा भक्कम आहे, असे मी निःसंकोच म्हणेन.

तरीही आपल्या खोक्यात नेमके काय आहे हे शुक्रवारच्या आत आपल्याला घरीच पाहता येईल. एका मोबाइलवर टोन जनरेटरचे मोफत अॅप घ्या, १००० हर्ट्झचा स्वर लावा आणि तो हँडसेटच्या माइकपुढे धरा. दुसऱ्या टोकाचा खोका बंद ठेवून तिथला आवाज लॅपटॉपवर ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रोग्राम उघडा. २३०० च्या किंवा दुसऱ्या एखाद्या जागी एकच स्थिर रेघ दिसली, तर तो मी वर सांगितलेला साधा उलटा करणारा खोका आहे. रेघ सारखी उड्या मारत असेल, तर स्वर बदलणारा प्रकार आहे. आपण गप्प बसलात तरी अखंड एकसारखी खरखर येत असेल, तरच आत खरी डिजिटल व्यवस्था असण्याची शक्यता आहे, आणि तसे असेल तर किल्ली कशी बनते हे विक्रेत्याला लेखी विचारा. रेघ कुठे दिसली तो आकडा आणि आपला कोड क्रमांक इथे कळवा. शुक्रवारच्या आत मी उत्तर देईन.